पावसाचे दूत : होपी लोकांचें सर्पव्रत

मनुष्यानें ज्या प्राण्याचें भय सर्वांत अधिक बाळगिलें, त्याच प्राण्यापुढें त्यानें वारंवार हात जोडले, ही गोष्ट धर्मांच्या इतिहासाकडे पाहणारास ठिकठिकाणीं दिसून येते. या विरोधाचा उलगडा सामान्यतः भयाच्या साह्यानेंच करण्यांत येतो. साप चावतो म्हणून मनुष्य त्याला भितो, आणि भितो म्हणून पुजतो, असें एक सुटसुटीत सूत्र एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं बांधून दिलें व तें आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलों आहों. सूत्र सोपें आहे. परंतु एखाद्या समाजाच्या प्रत्यक्ष आचाराला तें लावून पाहिलें म्हणजे त्याचा तोकडेपणा ध्यानांत येतो. उत्तर अमेरिकेंतील होपी नांवाच्या एका लहानशा जमातीचें सर्पव्रत हें याचें चांगलें उदाहरण आहे. या व्रताविषयीं १८८१ पासून पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु लिहिणारांपैकीं बहुतेकांनीं त्यांत विष पाहिलें, थोड्यांनीं पाऊस पाहिला. हा फरक कसा पडला आणि त्याचें मोल कोणाला द्यावें लागलें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना प्रांताच्या ईशान्य भागांत सपाट माथ्याच्या तीन उंच डोंगरसोंडा दक्षिणेकडे पुढें आलेल्या आहेत. ‘मेसा’ या स्पॅनिश नांवानें त्या ओळखल्या जातात. त्यांच्या माथ्यावर व पायथ्याशीं होपींचीं गांवें आहेत. त्यांपैकीं ओराइबी हें गांव निदान आठशें वर्षें अखंड वसलेलें आहे. आसपास मोठी नदी नाहीं. पाऊस वर्षाकांठीं दहा इंचांच्या आसपास, आणि तोहि लहरी. कड्यांच्या पायथ्याशीं पाझरणारे झरे व जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मधूनमधून कोसळणाऱ्या सरी, एवढ्या भांडवलावर मका पिकवावयाचा असतो. होपी शेतकरी लांकडी काठीनें वीतभराहून खोल भोंक पाडून त्यांत अनेक दाणे एकदम टाकतो. म्हणजे खालची ओल दाण्यांस सांपडते, आणि वाऱ्यावाळूनें कांहीं रोपें गेलीं तरी उरलेलीं जगतात. अशा भूमींत सारा धर्म पावसाभोंवतीं गुंफला जावा यांत नवल नाहीं. १५४० सालीं स्पॅनिश शिपाई प्रथम येथें पोहोंचले; १६२९ मध्यें ख्रिस्ती धर्मोपदेशक येऊन राहिले; परंतु १६८० च्या मोठ्या बंडांत होपींनीं त्यांचे मठ उद्ध्वस्त केले आणि पुढें स्पॅनिश सत्ता तेथें पुन्हां रुजली नाहीं. या अलिप्तपणामुळें त्यांचीं व्रतें एकोणिसाव्या शतकापर्यंत बऱ्याच अंशीं अभंग राहिलीं.

होपींच्या कल्पनासृष्टींत सर्प दोन रूपांनीं येतो. पहिला पालुलुकाँग, म्हणजे मस्तकावर शिंग असलेला जलसर्प. झऱ्यांच्या आणि समुद्राच्या तळाशीं त्याचें राज्य. तो प्रसन्न असेल तर पाणी देतो, कोपला तर महापूर आणि भूकंप आणतो. हिंवाळा सरण्याच्या सुमारास कीव्हा नांवाच्या भूमिगत पूजागृहांत त्याच्या प्रतिमा एका पडद्याच्या छिद्रांतून बाहेर येतात आणि समोर मांडलेलें मक्याच्या रोपांचें चिमुकलें शेत आडवें पाडतात, असें जुन्या निरीक्षकांनीं नोंदिलें आहे. जो पाणी देतो त्याच्या अंगीं पीक बुडविण्याचेंहि सामर्थ्य असतें, हें ज्ञान पेरणीपूर्वींच लहानथोरांच्या मनावर ठसविण्याची ही रीत म्हणावयाची. दुसरें रूप भूमीवरील साध्या सापाचें. त्याचें वीजेशीं नातें आहे. सर्पव्रताच्या वेळीं रंगीत वाळूनें जें चित्र मांडतात, त्यांत मेघांच्या कमानींतून चार नागमोडी सर्प खालीं उतरलेले असतात. पिवळा, निळसर हिरवा, तांबडा आणि पांढरा हे त्यांचे रंग चार दिशांचे आहेत, आणि ते सर्प म्हणजेच चार दिशांच्या विजा. पावसापूर्वीं आकाशांत जी वांकडी रेषा चमकते, तीच वाळूवर सरपटत गेलेल्या सापाच्या मागें उमटते. डोळ्यांनीं पाहिलेल्या या साम्यावर सारी कल्पना उभी आहे.

या व्रताची जन्मकथा तियो नांवाच्या तरुणाची आहे. तिचे अनेक पाठ आहेत. त्यांतील सामान्य भाग असा. कड्यांच्या तळाशीं खोल वाहणारी कोलोरॅडो नदी शेवटीं जाते कोठें, हा प्रश्न तियोला स्वस्थ बसूं देईना. पोकळ ओंडक्यांत बसून तो प्रवाहाबरोबर निघाला. वाटेंत कोळ्याचें रूप धारण करणारी वृद्ध आदिमाता त्याच्या कानामागें बसली व त्याला मार्ग सांगूं लागली. तिच्या साह्यानें तो सर्पलोकांत पोहोंचला. तेथील माणसें सर्पाचें कातडें पांघरतांच सर्प होत आणि उतरवितांच पुन्हां माणसें होत. त्यांनीं तियोला पाऊस आणण्याचे विधी शिकविले आणि आपली एक कन्या दिली. ती त्याच्याबरोबर त्याच्या गांवीं आली. परंतु तिला झालेलीं पहिलीं अपत्यें सर्परूप होतीं. तीं गांवच्या मुलांना चावलीं आणि त्या कुटुंबाला गांव सोडून नवी वस्ती शोधावी लागली. पुढें तिला मनुष्यरूप मुलें झालीं. त्यांचा वंश म्हणजेच होपींचें सर्पकुळ. तेव्हां या कुळाच्या लेखीं साप हे परके नव्हेत. ते थोरले भाऊ आहेत.

हें नातें ध्यानांत ठेवून व्रताकडे पाहिलें म्हणजे त्याचा अर्थ आपोआप उलगडतो. ऑगस्टच्या उत्तरार्धांत, मक्याचीं कणसें भरूं लागतात त्या दिवसांत, हें व्रत नऊ दिवस चालतें. एकाच गांवांत तें दरवर्षीं होत नाहीं. एक वर्ष सर्पव्रत व दुसरें वर्ष वेणुव्रत अशी पाळी असते. व्रताचा भार दोन संघांवर असतो, एक सर्पसंघ व दुसरा हरिणसंघ. आरंभींचे विधी कीव्हांत, इतरांच्या दृष्टीआड होतात. त्यांत चार दिवस सर्पसंघाचे लोक पिसांच्या कुंच्या आणि मक्याचें पीठ घेऊन चार दिशांस साप शोधावयास जातात. विषारी व निर्विष असा भेद ते करीत नाहींत. शेपटीचा खुळखुळा वाजविणारा जहरी सापहि घेतला जातो. अखेरच्या दिवशीं या सर्वांना कीव्हांत स्नान घालतात. होपींच्या घरीं मुलाचें नांव ठेवतांना आणि विवाहाच्या वेळीं युक्का नांवाच्या वनस्पतीच्या फेंसानें डोकें न्हाऊं घालण्याची चाल आहे. सापांचें स्नानहि त्याच जातीचें, घरच्या माणसाला घालावें तसें असतें.

सायंकाळीं गांवच्या चौकांत हिरव्या फांद्यांची एक खोपी उभारलेली असते आणि तिच्यापुढें जमिनींतील एका खळग्यावर फळी टाकलेली असते. तो खळगा म्हणजे पाताळाचें द्वार. त्या फळीवर पाय आपटीत लोक पुढें जातात, म्हणजे खालच्यांस वर्दी पोंचते. मग सर्पसंघाचे लोक तिघातिघांच्या गटानें फेर धरतात. एकजण साप दातांत धरतो. दुसरा त्याच्या खांद्यावर हात टाकून कुंच्यानें सापाचें लक्ष वेधून ठेवतो. तिसरा खालीं सोडलेला साप उचलून घेतो. शेवटीं जमिनीवर पिठाचें वर्तुळ काढून सर्व साप त्यांत टाकतात, स्त्रिया वरून पीठ उधळतात, आणि क्षणार्धांत पुरुष मुठी भरभरून साप उचलून मेसाच्या उतारावरून चार दिशांस धांवत सुटतात. खालच्या माळावर त्या सापांना मोकळें करतात. व्रताचा गाभा येथें आहे. साप बिळांत शिरतो. बीळ पाताळाकडे जातें. पाताळांत पाणी आहे. ज्याला स्नान घातलें, ज्याच्यावर पीठ उधळलें, ज्याला पाहुणा म्हणून घरीं ठेवून घेतलें, तो भाऊ आतां पावसाचा निरोप घेऊन निघाला आहे. त्याला मारणें किंवा डांबून ठेवणें या व्रतांत बसणारच नाहीं. दूताला सोडलेंच नाहीं तर निरोप जाणार कसा?

बाहेरून आलेल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत मात्र यांतील एकच क्षण भरला, तो म्हणजे माणसाच्या दातांत धरलेला जिवंत साप. त्यांचा प्रश्नहि एकच असे : हे साप चावत कसे नाहींत? कोणी सांगे, होपींपाशीं गुप्त उतारा आहे. कोणी म्हणे, विषाचे दात आधींच काढलेले असतात. प्राणिशास्त्रज्ञांनींहि या प्रश्नावर बरीच शाई खर्च केली. एकोणिसाव्या शतकांत तपासलेल्या सापांचे दात शाबूत आढळले, तर १९३० नंतरच्या दशकांत तपासलेल्या एका सापाचे दात काढलेले आढळले. वाद मोठ्या ईर्ष्येनें चालला. परंतु निरोप पोंचला कीं नाहीं हें पाहणाऱ्या होपीला या वादाशीं काय कर्तव्य? मेघ आले तर दूतानें आपलें काम केलें. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. त्या भागांतील खुळखुळ्या सापाच्या जातीचें वर्णन अमेरिकन सर्पशास्त्रज्ञ लॉरेन्स क्लॉबर यानें १९३५ सालीं केलें, तेव्हां त्यानें तिला ‘नुन्तिउस’ असें लॅटिन नांव दिलें. त्याचा अर्थ दूत. शास्त्रानें होपींची श्रद्धा स्वीकारली नाहीं. पण त्यांचा शब्द मात्र त्यानें मानानें आपल्या कोशांत घेतला.

आतां या पाहणारांचा इतिहास पाहूं. १८८१ च्या ऑगस्टांत घोडदळाचा कप्तान जॉन बर्क यानें वाल्पी गांवचें व्रत पाहिलें व १८८४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर सरकारी संशोधक जे. वॉल्टर फ्यूक्स यानें विस्तृत अहवाल लिहिले. एच. आर. व्होट नांवाचा धर्मोपदेशक १८९३ पासून ओराइबीस राहिला. होपींची भाषा शिकून त्यानें अतिशय बारकाईनें टिपणें केलीं. पण कीव्हांतील गुप्त विधींचीं छायाचित्रें घेऊन तीं त्यानें छापलीं. ओराइबीचे डॉन तालायेस्वा यांचें आत्मचरित्र १९४२ सालीं निघालें, त्यांत हा गृहस्थ न विचारतां पूजास्थानांत कसा शिरे, याची कडवट आठवण नोंदलेली आहे. व्होटनें गांवाजवळ बांधलेलें ख्रिस्ती मंदिर त्याच १९४२ सालीं वीज पडून जळालें. ज्यांच्या धर्मांत वीज हाच सर्प, त्या लोकांना यावर टीका करण्याची आवश्यकता वाटली नसेल. रेल्वे झाल्यावर छायाचित्रकार व प्रवासी यांची रीघ लागली. १९१३ सालीं माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट येऊन गेले. १९२४ सालीं इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स होतेव्हिला गांवीं आला, तेव्हां सुमारें तीन हजार प्रेक्षक जमले होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. शें-दोनशें बिऱ्हाडांच्या गांवांत तीन हजार परके! पावसासाठीं केलेल्या प्रार्थनेची सर्कस व्हावयास आणखी काय हवें?

याच काळांत सरकारचें धोरण मात्र उलट दिशेनें वाहत होतें. १८८३ पासून आदिवासींचे अनेक नाच व विधी गुन्ह्यांच्या यादींत घातले गेले. मुलांना सरकारी शाळेंत पाठविण्यास व जमिनीची वांटणी मान्य करण्यास नकार दिला म्हणून १८९५ सालीं एकोणीस होपी पुरुषांना सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील अल्कट्राझ बेटावर कैदेंत ठेवण्यांत आलें. १९२१ सालीं आदिवासी खात्याचा आयुक्त चार्ल्स बर्क यानें नाचांस आळा घालण्याची आज्ञा काढली, आणि १९२३ मधील जाहीर पत्रांत, विधींच्या वेळीं विषारी साप हाताळणें योग्य नव्हे, असें त्यानें मुद्दाम बजाविलें. गंमत अशी कीं, याच १९२१ सालीं ॲरिझोनांतील प्रेस्कट गांवच्या गोऱ्या धंदेवाईक मंडळींनीं ‘स्मोकी’ नांवाचा एक संघ काढला. अंगाला रंग फांसून, निर्विष साप तोंडांत धरून ही मंडळी दरवर्षीं होपींच्या व्रताचें सोंग तिकिटें लावून करीत. पुढें अध्यक्षपदाचा उमेदवार झालेला सेनेटर बॅरी गोल्डवॉटर हाहि त्यांचा सभासद होता. ज्याचें व्रत त्यानें केलें तर तें अनाचार, आणि परक्यानें त्याची नक्कल केली तर ती करमणूक! होपींवरील निर्बंध १९३४ सालीं नवे आयुक्त जॉन कॉलियर यांच्या आज्ञेनें दूर झाले. स्मोकींचें सोंग मात्र होपींनीं उघड निषेध केल्यावर १९९० सालीं बंद पडलें.

या सर्व लेखकांत एका जर्मन पंडिताचें स्थान निराळें आहे. ॲबी वारबुर्ग हा कलेतिहासकार १८९६ सालीं होपींच्या गांवीं गेला. त्यानें इतर नृत्यें पाहिलीं, सर्पव्रत प्रत्यक्ष पाहिलें नाहीं. कीम्स कॅन्यन येथील शाळेंत त्यानें मुलांना एक वादळाची गोष्ट सांगून तिचीं चित्रें काढावयास लाविलीं. चौदा मुलांपैकीं बाराजणांनीं वीज शाळेंत शिकविलेल्या रीतीनें काढली. दोघांनीं मात्र बाणासारख्या तोंडाचा सर्प काढला. पुढें पहिल्या महायुद्धानंतर वारबुर्गचें चित्त भ्रमिष्ट झालें. आपली बुद्धि ठिकाणावर आली आहे हें वैद्यांना पटविण्यासाठीं त्यानें १९२३ च्या एप्रिलांत स्वित्झर्लंडमधील आरोग्यभवनांत याच विषयावर व्याख्यान दिलें. भय वाटणाऱ्या शक्तीला प्रतीकाच्या साह्यानें बांधून मनुष्य विचाराला अवकाश मिळवितो, आणि तारायंत्राच्या युगांत तोच अवकाश नष्ट होण्याची भीति आहे, असा त्या व्याख्यानाचा आशय होता. तें छापूं नये अशी त्याची इच्छा होती. त्याच्या मृत्यूनंतर १९३९ सालीं तें इंग्रजींत प्रसिद्ध झालें. विवेचन खोल आहे यांत शंका नाहीं. तथापि त्या चौदा मुलांविषयीं आम्हांस एक गोष्ट विसरतां येत नाहीं. सरकारी शाळेला नकार दिल्याबद्दल त्यांच्याच जमातीचे एकोणीस पुरुष आदल्याच वर्षीं अल्कट्राझहून परतले होते. बाराजणांची वीज सुटी झाली तिला हेंहि एक कारण असूं शकेल. दोघांचा सर्प टिकला, हें त्यांचें बळ.

येथवर वाचतांना आपल्याकडील नाग वाचकांच्या मनांत आल्याशिवाय राहिला नसेल. पाणी अडवून बसलेला वेदांतील वृत्र, झऱ्यालाच ‘नाग’ म्हणणारी काश्मीरची भाषा, नांगराच्या फाळाखालीं पिलें मेल्यामुळें कोपलेली नागपंचमीच्या कहाणींतील नागीण, आणि श्रावणांत नागोबाला भाऊ मानणाऱ्या आपल्या आयाबहिणी, हीं साम्यें लहान नव्हेत. जेम्स फर्ग्युसन यानें १८६८ सालींच वृक्षपूजा व सर्पपूजा यांवरील ग्रंथांत देशोदेशींची तुलना आरंभिली. आणि चमनलाल यांनीं १९४० सालीं ‘हिंदु अमेरिका’ या पुस्तकांत अमेरिकेंतील संस्कृतीचें मूळच भारतांत शोधलें. हा मोह आपणांस गोड वाटणारा आहे. म्हणूनच तो टाळला पाहिजे. पावसाची वाट पाहणारे दोन समाज, बिळांतून पहिल्या सरीबरोबर वर येणारा साप, आणि ढगांतून उतरणारी वांकडी वीज, एवढी सामग्री दोहोंकडे असल्यावर एकानें दुसऱ्यापासून उसनें घेण्याची गरज उरत नाहीं. साम्य पाहून आनंद मानावा. त्यावरून हक्क सांगूं नये. भयाचें तें जुनें सूत्रहि येथें अपुरें पडतें. भितो त्याला मनुष्य नैवेद्य देतो हें खरें. परंतु भाऊ म्हणून न्हाऊं घालून त्याच्या हातीं निरोप देण्यास विश्वास लागतो.

तमाशाचा प्रश्नहि आपल्याला परका नाहीं. बत्तीस शिराळ्यास जिवंत नागांच्या मिरवणुकी पाहावयास केवढी गर्दी लोटत असे, तें सर्वश्रुत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें व पुढें उच्च न्यायालयाच्या आदेशानें त्यांवर निर्बंध आले. तो कायदा सापाच्या जिवासाठीं होता, बर्कची आज्ञा होपींना ‘सुधारण्या’साठीं होती, हा भेद मोठा आहे. पण जेथें पूजेपेक्षां प्रेक्षक अधिक होतात, तेथें पूज्याचे हाल होतात, हें दोन्ही ठिकाणीं सारखेंच.

होपींनीं यावर आपला उपाय केला. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांतच त्यांनीं छायाचित्रें घेण्यास मनाई केली. आणि आज ज्या गांवांत सर्पव्रत होतें, तेथें तें बाहेरच्यांस पाहावयास मिळत नाहीं. १९७८ च्या कायद्यानें अमेरिकेंतील आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्यास मान्यता दिली खरी, तरी हा दरवाजा होपींनीं स्वतः लावून घेतला आहे. ज्ञानाच्या दृष्टीनें ही हानि झाली असें कांहीं विद्वान् म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. या लेखांत आम्हीं जें वर्णन केलें तें जुन्या छापील ग्रंथांतून घेतलेलें आहे, आणि त्यांतील कांहीं भाग न विचारतां मिळविलेला होता, याची जाणीव आम्हांस आहे. म्हणूनच मंत्रांची व कीव्हांतील गुप्त विधींची अधिक चर्चा आम्हीं टाळली. भावानें पाताळांत निरोप न्यावयाचा असतो, त्याला साक्षीदार लागत नाहींत. ऑगस्टच्या अखेरीस ॲरिझोनाच्या त्या कोरड्या माळावर मेघ जमले आणि मक्याच्या शेतांवर पहिल्या धारा पडल्या, म्हणजे व्रत सफळ झालें. तीन हजार प्रेक्षकांना जें दिसलें नाहीं, तें मेसाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तेव्हां दिसतें.